ओटीतला नारळ विमानात का अडतो?

मागच्या नवरात्रानंतरची गोष्ट. मावशी कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊन आमच्याकडे आली होती आणि मी तिला विमानाने दिल्लीला, तिच्या लेकीकडे पोचवायला निघालो होतो. तिच्या हँडबॅगेत हिरव्या खणात बांधलेली ओटी होती. देवीच्या पायाशी लागलेला नारळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक, मूठभर तांदूळ. शेजारी कापराची डबी, कारण लेकीच्या नव्या घरात आरती व्हायची होती.

बॅग मशिनमधून बाहेर आली ती बाजूच्या पट्ट्यावर सरकली. जवानाने विचारलं, "माताजी, इसमें नारियल है?" मावशी म्हणाली, "देवीचा आहे हो." त्याने छातीला हात लावला, खण अगदी हळुवार सोडला, आणि नारळ, वाटी आणि कापराची डबी बाजूला काढली. हळकुंड, सुपारी, तांदूळ परत खणात ठेवले. मावशीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "प्रसाद आहे तो. हा काय बॉ…" मी तिचा हात दाबला आणि वाक्य अर्ध्यावर थांबवलं. तो शब्द तपासणीच्या पट्ट्याजवळ रागाने, चेष्टेने, कसाही उच्चारला तरी चौकशी झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना निघण्याआधीच हे सांगून ठेवा.

नारळ अडला, हळकुंड गेलं, असं का, हे मला तिथे तिला नीट सांगता आलं नाही. नंतर मी या नियमांच्या मागे लागलो. जे समजलं ते इथे मांडतो आहे, कारण देवाची वस्तू पट्ट्यावर सोडून पुढे जाताना होणारी कालवाकालव मी जवळून पाहिली आहे. ती टाळता येते.

एक शब्द, दोन प्रश्न

मराठीत आपण सगळ्यालाच "सुरक्षा" म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. विमानात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला खरं तर दोन वेगळे प्रश्न विचारले जातात आणि आपल्याकडे ते विचारणारी सरकारी दप्तरंही दोन आहेत.

पहिला प्रश्न: ही वस्तू हातात घेऊन एखादा माणूस इतरांना इजा करू शकेल का, धाक दाखवू शकेल का? हा प्रश्न ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीचा, म्हणजे बीसीएएसचा. पट्ट्यावर उभे असलेले सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान या बीसीएएसच्या नियमांप्रमाणे काम करतात.

दुसरा प्रश्न: कुणाच्या मनात काहीही वाईट नसताना, कुणी हातही न लावता, ही वस्तू स्वतःहून पेटेल का, वाफ सोडेल का, गळेल का? हा प्रश्न डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. त्याची मूळ यादी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडून, आयकाओकडून येते. १९४४ च्या शिकागो करारातून ही संघटना उभी राहिली. त्या कराराचं सतरावं परिशिष्ट पहिल्या प्रश्नाबद्दल आहे आणि अठरावं दुसऱ्या.

दोन्ही प्रश्नांमागे जीव गेलेले आहेत. १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचं अपहरण झालं आणि त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये बीसीएएस सुरू झालं, तेव्हा डीजीसीएचाच एक कक्ष म्हणून. २३ जून १९८५ ला "कनिष्क" हे एअर इंडियाचं विमान अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली. स्फोटकं चेक-इन केलेल्या बॅगेत होती आणि ती बॅग देणारा माणूस विमानात चढलाच नव्हता. १ एप्रिल १९८७ पासून बीसीएएस स्वतंत्र खातं झालं.

दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ११ मे १९९६ ला व्हॅल्यूजेट कंपनीचं विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं. विमानाच्या पोटातल्या सामानात ऑक्सिजन तयार करणारी रासायनिक उपकरणं नीट बंद न करता ठेवली होती, ती तापली आणि आग लागली. ११० जणांपैकी कुणी वाचलं नाही. तिथे अपहरणकर्ता नव्हता, घातपात नव्हता. चुकीची वस्तू चुकीच्या जागी होती, एवढंच.

आता ओटीकडे परत येऊ. पहिल्या प्रश्नात अडकलेली वस्तू तुमच्या हातापासून दूर ठेवली की बहुतेक वेळा भागतं, म्हणजे ती चेक-इन बॅगेत जाऊ शकते. दुसऱ्या प्रश्नात अडकलेली वस्तू बहुतेक वेळा हँडबॅगेत चालत नाही आणि चेक-इनमध्येही चालत नाही. मावशीचा नारळ पहिल्या प्रश्नात अडकला होता, खोबरं आणि कापूर दुसऱ्या. हे आधी माहीत असतं तर नारळ काउंटरवरच मोठ्या बॅगेत टाकून दिल्लीला सुखरूप पोचला असता. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

नारळ, आणि शबरीमलाची सवलत

अख्खा नारळ केबिनमध्ये का नको, हे तो हातात घेतला की समजतं. कठीण आहे, जड आहे, मुठीत बसतो. आत पोकळी, पोकळीत पाणी, आणि आत काय आहे ते बघायला झाकण नाही. सोलून शेंडी ठेवलेला पूजेचा नारळही त्याला अपवाद नाही. चेक-इनमध्ये ओला नारळ बहुतेक कंपन्या घेतात. कपड्यांच्या मधोमध, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, कारण बॅगा आपटल्या जातात आणि तडकला तर पाणी सगळीकडे.

या नियमाने सगळ्यात जास्त अडचण झाली ती शबरीमलाला जाणाऱ्या अय्यप्पा भक्तांची. मुंबई-पुण्यातून दर वर्षी कितीतरी जण कोचीचं विमान धरतात, त्यामुळे आपल्यालाही हे दृश्य नवं नाही. काळे किंवा निळे कपडे, गळ्यात माळ, ४१ दिवसांचं व्रत. त्यांच्याजवळ इरुमुडी असते, दोन कप्प्यांची कापडी पोटली. पुढच्या कप्प्यात देवाचं सामान, मागच्यात प्रवासाची शिदोरी. देवाच्या कप्प्यात मुख्य वस्तू तुपाने भरलेला नारळ. त्याचा एक डोळा फोडून पाणी काढतात, आत तूप ओततात आणि बूच लावून बंद करतात. हेच तूप पुढे अय्यप्पाच्या अभिषेकाला जातं. ही पोटली डोक्यावर घेऊन अठरा पायऱ्या चढायच्या असतात. तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ती सरकत्या पट्ट्यावर टाकून द्यायची, हे त्या माणसाला किती जड जात असेल ते वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी जाहीर केलं की इरुमुडीतला नारळ केबिनमध्ये नेता येईल. सवलत त्या हंगामापुरती, २० जानेवारी २०२५ पर्यंत होती. अट अशी की प्रत्येक पोटली एक्स-रेमधून जाईल, स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या यंत्राने तपासली जाईल, आणि हाताने उघडून पाहिली जाईल.

मला हा निर्णय फार आवडतो, आणि त्याचं कारण या अटीत आहे. श्रद्धा आहे म्हणून तपासणी माफ, असं कुणी म्हटलं नाही. उलट तपासणी एकाऐवजी तीन वेळा होईल, त्याला वेळ लागेल, माणसं लागतील, आणि तेवढं करून आम्ही तुमची पोटली तुमच्या हातात ठेवू, असं म्हटलं. माझ्या मते देवाच्या वस्तूचा मान ठेवायची खरी रीत ही. मात्र हे लक्षात ठेवा की ती सवलत एका यात्रेला, ठरावीक तारखांपुरती दिलेली होती. तिच्या जोरावर अंबाबाईच्या किंवा तिरुपतीच्या नारळासाठी हट्ट धरता येणार नाही, आणि अय्यप्पा भक्तांनीही त्या त्या वर्षीचा आदेश बघूनच निघावं.

खोबऱ्याची वाटी

नारळ चेक-इनमध्ये चालतो आणि त्याच नारळाचं सुकं खोबरं चालत नाही, हे ऐकून माणसं चक्रावतात. परदेशात मुलाला मसाला करायला खोबऱ्याच्या वाट्या पाठवणाऱ्या आया तर हमखास. पण कारण अगदी स्वयंपाकघरातलं आहे.

सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. दमट हवेत ते खवट होतं, हे आपण जाणतो. खवट होणं म्हणजे तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू होणारी क्रिया, आणि त्या क्रियेत थोडी थोडी उष्णता बाहेर पडते. ओलावा असला, बुरशी धरली की त्यात भर पडते. ताटातली एक वाटी ती उष्णता हवेत सोडून देते. पण पोत्यात, गच्च भरलेल्या ढिगात, ती बाहेर पडायला वाट राहत नाही. आतलं खोबरं तापतं, तापल्याने क्रिया आणखी वेगाने होते, आणि एका टप्प्यानंतर बाहेरची ठिणगी नसतानाही धूर निघू शकतो. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन १३६३, आणि वर्ग ४.२, म्हणजे आपोआप पेटू शकणारे पदार्थ.

तुमच्या पिशवीतल्या चार वाट्यांनी विमान पेटेल का? मला तरी तसं वाटत नाही. पण काउंटरवरच्या मुलीला प्रत्येक बॅगेतलं खोबरं किती, किती ओलं, शेजारी काय ठेवलंय, हे पाहता येत नाही, आणि एकाच विमानात तीनशे बॅगा असतात. म्हणून नियम पदार्थाच्या जातीवर बेततात, तुमच्या वाटीवर नाही. न्यू जर्सी असो की सिंगापूर, भारतीय दुकानात खोबरं मिळतं. ओटीत वाटीऐवजी बदाम-खारीक घाला. देवीला चालतं, मावशीने गुरुजींना विचारून घेतलंय.

कापराची डबी

कापराच्या डबीत आपण चार मिऱ्याचे दाणे टाकून ठेवतो, नाहीतर कापूर "उडून जातो". आजीची ही सवय म्हणजे विमानाच्या नियमामागचं अर्धं शास्त्र आहे. घरातल्या साध्या तापमानाला कापूर वितळत नाही, पाणी होत नाही, घन अवस्थेतून थेट वाफ होतो. ती वाफ ज्वालाग्राही असते. आरतीत काडी टेकवायच्या आतच तो कसा पेट घेतो ते आठवा. बंद बॅगेत ती वाफ साठत राहते.

यादीत कृत्रिम कापूर यूएन २७१७ आहे, वर्ग ४.१, ज्वालाग्राही घन पदार्थ. "माझा भीमसेनी आहे, शुद्ध आहे" असं म्हणून सुटता येत नाही. मूळच्या भीमसेनी कापरातला मुख्य घटक बोर्निओल, आणि त्यालाही वेगळा क्रमांक आहे, यूएन १३१२, वर्ग तोच.

काडेपेटी आणि लायटर आपल्याकडे हँडबॅगेतही नको आणि चेक-इनमध्येही नको. फुलबाजे, भुईनळे यांचं नावच नको. धूप पेटवायचे झटपट कोळसे घरीच ठेवा. साध्या उदबत्त्यांना सहसा अडचण येत नाही. फुलवाती तुपात न भिजवता कोरड्याच न्या.

एक उलटा नियमही इथेच सांगतो. बॅटरीवरच्या पणत्या किंवा मंत्र वाजवणारं छोटं यंत्र चार्ज करायला आपण पॉवर बँक घेतो. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, ती हँडबॅगेतच हवी. लिथियम बॅटरी एकदा आतून तापायला लागली की विमानाच्या पोटातली, आग विझवणारी वायूची यंत्रणा तिला पुरी पडत नाही. केबिनमध्ये निदान ती कुणाच्या तरी नजरेस पडते आणि कर्मचारी तिच्यावर पाणी ओतू शकतात.

कृपाण: मापाने सोडवलेला प्रश्न

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे, गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला ती जागा. तिथल्या विमानतळालाही त्यांचंच नाव आहे. म्हणून कृपाणाचा प्रश्न आपल्यासाठी लांबच्या पंजाबातला नाही.

अमृत घेतलेल्या शिखाने कृपाण अंगावर बाळगायचं असतं. ते मोठ्या बॅगेत टाकणं म्हणजे अंगावरून उतरवणं. आपल्या संविधानाच्या कलम २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं आणि बाळगणं हा शीख धर्म पाळण्याचा भाग मानला जाईल असं स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्या बाजूला भीतीही पोकळ नाही. १९८१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान लाहोरला पळवून नेलं गेलं तेव्हा अपहरणकर्त्यांजवळ कृपाणं होती.

बीसीएएसने या दोन्ही गोष्टी समोर ठेवून माप ठरवून दिलं. मार्च २०२२ च्या आदेशाप्रमाणे शीख प्रवाशाला कृपाण बाळगता येतं, पातं ६ इंचांपेक्षा म्हणजे १५.२४ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, आणि मुठीसकट एकूण लांबी ९ इंचांपेक्षा, म्हणजे २२.८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. ही मुभा फक्त भारतातल्या भारतात उडणाऱ्या भारतीय विमानांत आहे. तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

परदेशी जाताना गणित बदलतं. कॅनडाने २०१७ पासून ६ सेंटिमीटरपर्यंतचं पातं केबिनमध्ये चालवलं, पण अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत नाही. अमेरिकेत कृपाण चेक-इनमध्येच टाकावं लागतं. नांदेडहून निघून पुढे टोरांटोला जाणाऱ्या माणसाला एकाच प्रवासात वेगवेगळी मापं लागू होतात, आणि सगळ्यात कडक माप कुठलं ते पाहून त्याने घरातूनच तयारी करावी लागते.

त्रिशूळ, खंडोबाचा खंडा, परशू, देवीच्या हातातली सुटी निघणारी शस्त्रं, टोकदार समई, यांना अशी मुभा नाही. छोटी असली तरी चेक-इनमध्ये टाका.

पट्ट्यावरच्या पडद्यावर काय दिसतं

पितळेचा बाळकृष्ण किंवा तांब्याचा गडू असला की बॅग थांबतेच, आणि माणसांना वाटतं देवावर संशय घेतला. तपासणारा माणूस काय पाहतो ते कळलं की हा सल राहत नाही.

त्याच्या पडद्यावर वस्तूंना रंग असतात. कापड, कागद, अन्न, लाकूड, प्लास्टिक नारिंगी दिसतं. धातू निळे दिसतात. मधल्या गोष्टी हिरव्या. आणि धातू जाड असला की किरण आरपार जात नाहीत, तिथे नुसता काळा डाग उमटतो. भरीव पितळेची मूर्ती म्हणजे पडद्यावर काळा डाग. तिच्या मागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून बॅग उघडतात. शंका मूर्तीवर नसते, तिच्या सावलीवर असते.

यावरून घरची एक युक्ती निघते. जड मूर्ती, घंटा, गडू बॅगेच्या तळाशी खुपसू नका. मऊ कापडात गुंडाळून वर ठेवा, आणि ट्रेमध्ये वेगळी ठेवून सांगा: "देवाची मूर्ती आहे, हवी असेल तर मी उघडून दाखवतो." त्यांनी हो म्हटल्याशिवाय हात लावू नका. एवढं सांगितलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा तुमच्याहून जास्त जपून ती उचलतो.

वस्तू ओळखीची नसली की काय होतं याचं एक उदाहरण आहे. जानेवारी २०१० मध्ये न्यूयॉर्कहून लुईव्हिलला निघालेल्या विमानात एका ज्यू मुलाने सकाळच्या प्रार्थनेसाठी तेफिलिन बांधले. कपाळावर आणि दंडावर चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायच्या या काळ्या पेट्या, आत धर्मग्रंथातली वचनं. कर्मचाऱ्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते स्फोटक वाटलं आणि विमान फिलाडेल्फियाला उतरवलं. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबांच्या शेजारी राहिलेल्या माणसाने ते क्षणात ओळखलं असतं. आसनावर बसून जप, संध्या, नमाज, काहीही करायचं असेल तर आधी हवाईसुंदरीला एका वाक्यात सांगावं.

पाणी आणि भुकटी

१० ऑगस्ट २००६ ला ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघड केला. थंड पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरची विमानं उडवायचा बेत होता. १०० मिलिलिटरचा नियम तेव्हापासूनचा. त्यात मोजतात ते बाटलीचं माप, आतलं पाणी नाही. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी दोन घोट गंगाजल असलं तरी आंतरराष्ट्रीय प्रवासात ती अडते. हरिद्वार-काशीहून आणलेले तांब्याचे बंद गडू तर दुप्पट अडचणीचे, आतलं दिसत नाही आणि उघडताही येत नाही. ते चेक-इनमध्ये. पंचामृत, तूप, मध यांनाही द्रवाचाच नियम. हजहून परतणाऱ्यांना ५ लिटर झमझमचं पाणी बंद खोक्यात मिळतं, तेही सामानाबरोबरच येतं. काही विमानतळांनी नवी यंत्रं बसवून १०० मिलिलिटरची अट सैल केली आहे, पण वाटेत विमान बदलायचं असेल तर तिथे पुन्हा तपासणी होऊ शकते.

जेजुरीचा भंडारा, पंढरीचा बुक्का, विभूती, रांगोळी यांचं आपण कधी मनातही आणत नाही. ३० जून २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरहून जास्त भुकटी हँडबॅगेत असेल तर तिची वेगळी तपासणी होते आणि उलगडा झाला नाही तर ती काढून घेतात. ऑस्ट्रेलियानेही त्याच दिवसापासून भुकट्यांवर मर्यादा घातली. थोडा भंडारा कागदाच्या पुडीत जवळ ठेवा, बाकीचा मोठ्या बॅगेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला उतरताना प्रसाद, फुलं, बिया अर्जावर न चुकता लिहा. लिहून दाखवलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड होतो.

अस्थी

हे शेवटी ठेवलं, कारण यात चूक झाली तर ती आयुष्यभर सलते.

परदेशात वारलेल्या माणसाच्या अस्थी नाशिकच्या रामकुंडावर किंवा आळंदीला इंद्रायणीत सोडायला मुलं घेऊन येतात. इथूनही कितीजण हरिद्वारला, काशीला जातात. अस्थी विमानात नेता येतात. बहुतेक कंपन्या हँडबॅगेत घेतात, पण प्रत्येकीची रीत वेगळी असते, म्हणून तिकीट काढतानाच कंपनीला फोन करून विचारावं. मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला मूळ प्रतीसह जवळ हवा. अमेरिकेतून अस्थी आणताना वारलेल्या माणसाचा भारतीय पासपोर्ट रद्द करून घेणं आणि भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र, हेही लागतं. दुःखाच्या दिवसांत हे काम कुणा मित्रावर सोपवा. भुकटीच्या ३५० मिलिलिटरच्या अटीतून अमेरिकेने अस्थी वगळल्या आहेत.

आणि कलश. आपल्याला तांब्याचा कलश हवा असतो. पण तांब्यातून किरण जात नाहीत, पडद्यावर तोच काळा डाग दिसतो. अमेरिकेतल्या तपासणी खात्याचा नियम असा आहे की अस्थींचं भांडं त्यांचे कर्मचारी उघडत नाहीत, घरच्यांनी स्वतः सांगितलं तरी नाही, गेलेल्या माणसाचा मान म्हणून. मग आतलं दिसत नाही आणि उघडताही येत नाही असं भांडं पुढे जाऊच शकत नाही.

माझ्या एका मित्राने वडिलांच्या अस्थी आणताना साधी लाकडी पेटी घेतली. पातळ लाकूड, वर पांढरं फडकं, फडक्याला एक गाठ. तांब्याचा कलश त्याने रिकामा करून मोठ्या बॅगेत ठेवला. पट्ट्यावरून पेटी गेली, पलीकडच्या बाईने पडद्याकडे पाहिलं, कागद पाहिले आणि दोन्ही हातांनी पेटी त्याच्याकडे दिली. नाशिकला उतरल्यावर गोदावरीच्या काठी त्याने अस्थी कलशात घेतल्या. फडक्याची गाठ त्याच्या आईने बांधली होती, ती तोवर कुणी सोडली नव्हती.